सातव्या बांधापलीकडचं घर

१

वैशाखातली जळगावची दुपार म्हणजे चुलीवर विसरलेला तवा. एक वाजला की गल्लीतली कुत्रीसुद्धा गटारीच्या ओलीत अंग टाकतात आणि माणसं दारं लोटून पडून राहतात. बेबाबाई मात्र त्या वेळी भांडी पालथी घालून, पदराला हात पुसत पुढच्या खोलीत जायची, कूलरसमोरच्या स्टुलावर बसायची आणि लीलाधरला म्हणायची, "चल, लिही."

पुढची खोली तिनं लीलाधरला भाड्यानं दिलेली. त्यानं तिथं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. दोन मशीनं, एक फोन, दारावर पिवळी पाटी. क्लास सकाळी आणि सांजच्याला. दुपारी मशीनं रिकामी, तेव्हा तो खेळ बनवायचा. बाजारात मिळणाऱ्या खेळांत परदेशी बुटके टुणटुण उड्या मारतात, ते पाहून त्याचं डोकं फिरलं होतं. आपल्या पोरांना आपला खेळ पाहिजे असं त्यानं मनावर घेतलं होतं, आणि आपला म्हणजे कुणाचा, तर उखर्डूचा.

उखर्डू बेबाबाईच्या बापाच्या गोष्टींतला. बाप म्हणजे तोतारामबुवा, सोनगीरचे. आठ पानांची गुलाबी पुस्तकं छापून घ्यायचे आणि साक्रीच्या, सोनगीरच्या बाजारात गोणपाट अंथरून विकायचे. उखर्डूचा गोऱ्हा केळीच्या बागेत शिरतो, त्याच्या मागं उखर्डू शिरतो. बागेला सात बांध. दर बांधावर एक राखणदार पाठमोरा बसलेला. तो मागं न पाहता विचारतो, 'कोण शे रे?' उखर्डूनं उत्तर द्यायचं आणि चालत राहायचं, तिथं टेकायचं नाही. एवढीच गोष्ट. पण दर पुस्तकात बाग नवी निघायची आणि धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांतली पोरं बांधांची नावं पाढ्यासारखी घोकायची. बुवा गेले, पुस्तकं वाळवीनं खाल्ली. आता सगळा उखर्डू उरला होता तो चौथी शिकलेल्या बेबाबाईच्या तोंडात.

लीलाधरनं पहिल्यांदा जो खेळ केला तो पाहून तिचं टाळकंच सरकलं. उखर्डू केळीवरून उड्या मारत होता आणि राखणदारांना केळी फेकून मारत होता.

"हे माकड कुणाचं?" तिनं विचारलं.

लीलाधर म्हणाला, खेळात काहीतरी मारावं लागतं, नाहीतर पोरं खेळत नाहीत.

"माझ्या बापाचा उखर्डू कुणाला मारत नाही. तो भितो. भितो आणि तरी पुढं जातो. ते नसेल तर तुझ्या पेटीत नुसतं नाव उखर्डू, बाकी शेण."

दुसरा कुणी असता तर रुसला असता. लीलाधरनं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून बसला. म्हणाला, मावशी, मग तुम्हीच सांगा, बागेत गेलं की आधी काय होतं.

इथं एक अडचण होती. उखर्डूची गोष्ट दिवेलागणीनंतरची. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे बेबाबाईला आईनं शिकवलेलं, सगळ्या आयांनी सगळ्या पोरांना शिकवलेलं. पण सांजच्याला लीलाधरचा क्लास, आणि घरात तर लेकीचं लग्न तोंडावर, हजार कामं. तिनं मनाशी तोड काढली. ऐकणारा 'हं' म्हणतो तेव्हा गोष्ट होते. हुंकाराच नसेल तर ते नुसतं बोलणं. तिनं लीलाधरला बजावलं की मी सांगताना तू हूं की चूं करायचं नाही. तो मुकाट्यानं बटणं दाबत राहिला. महिनाभर रोज दुपारी असं चाललं.

तोड काढणाऱ्याला आपली तोड नेहमीच पक्की वाटते.

२

खेळ चांगला झाला. हे कबूल करावंच लागेल, कारण घोटाळा तिथूनच सुरू झाला.

लीलाधरनं मारामारी काढून टाकली, वरचे गुणांचे आकडे काढून टाकले. राहिली ती फक्त बाग. हिरव्या चौकोनांच्या रांगा, एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. बाणाची बटणं दाबायची आणि उखर्डूला रांगांमधून न्यायचं. बांध आला की पाठमोरा राखणदार, खाली अक्षरं, 'कोण शे रे?' उत्तर टाईप करायला मोजके क्षण. उशीर केला की राखणदाराची मान थोडी फिरायची. पूर्ण फिरलेली मान कुणी पाहिली नव्हती, कारण तोवर पोरं घाबरून उत्तर देऊन टाकायची. क्लासची पोरं एरवी कालवा करणारी, ती खेळताना खाली मान घालून बसायची. एकानं तर घरी जाताना विचारलं होतं की सर, केळीच्या रांगा मोजत गेलं तर चालतं ना.

बेबाबाईला अभिमान वाटायचा. बाप बाजारात उन्हात बसून ओरडायचा, त्याची बाग आता काचेत हिरवीगार दिसत होती.

बुधवारी दुपारी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रविवारी लेकीचं, सुनंदाचं लग्न, आणि आज झुलाल येणार होता. झुलाल तिचा एकुलता एक भाऊ, साक्रीकडच्या खेड्यात शेती करणारा. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता, ही नऊची. कडेवर घेऊन तिनं त्याला वाढवलं. सुनंदा जन्मली तेव्हा तो धुळ्याहून सायकल मारत आला होता आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी उभा राहून म्हणाला होता, पोरीच्या लग्नात पाठीशी मीच उभा राहीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. दुसरा मामा सुनंदाला नव्हताच.

सकाळी आठच्या गाडीनं निघतो, चारला पोचतो, असं त्यानं कळवलं होतं. वीस वर्षांचा पायाखालचा रस्ता.

त्या दिवशी साडेतीनच्या सुमाराला लीलाधर तिसरा बांध दाखवत होता तेव्हा तिला दिसलं. केळीच्या दोन रांगांमध्ये एक पांढरा ठिपका होता.

"हे काय?"

लीलाधरनं काचेवर बोट घासलं, धूळ असेल म्हणून. नव्हती. त्यानं प्रोग्रॅमच्या ओळी उघडून पाहिल्या, खाली-वर केल्या. खेळातल्या दर जागेला त्यानं एक आकडा दिलेला, केळीला एक, बांधाला दोन, राखणदाराला तीन. त्या जागेचा आकडा होता एक. म्हणजे मशीनला विचारलं तर ते सांगत होतं की तिथं केळच आहे.

"राहिलं असेल काहीतरी," तो म्हणाला. "उद्या काढतो."

ठिपका काढला गेला नाही. झुलाल चारला आला नाही. सहालाही नाही.

३

माणूस काळजीत असला की आधी स्वतःलाच दरडावतो. बेबाबाईनं तेच केलं. गाडी पंक्चर झाली असेल. धुळ्याला कुणी ओळखीचं भेटलं असेल, मुक्काम केला असेल. लग्नसराई आहे, गाड्यांना पाय ठेवायला जागा नाही.

गुरुवारी तिनं लीलाधरच्या फोनवरून साक्रीच्या किराणा दुकानात निरोप दिला आणि भावजयीला बोलावून घेतलं. भावजय, कमलबाई, म्हणाली की ते बुधवारी आठच्या गाडीनंच निघाले, पांढरी टोपी, हातात पत्र्याची पेटी, पेटीत सुनंदाचं लुगडं. मी पोरांना घेऊन शनिवारी येते म्हणाली. मग तिनं विचारलं, "कसाले इचारतस, अक्का? पोचनात ना ते?"

बेबाबाईनं 'हो' म्हणून फोन ठेवला. खोटं बोलल्याचं तिला काही वाटलं नाही. कमलबाईला दम्याचा त्रास होता.

रतिलाल, तिचा नवरा, जिनिंगमध्ये कामाला. चार शब्दांचं काम दोनात भागवणारा माणूस. तो शुक्रवारी पहाटेच धुळ्याच्या रस्त्याला लागला, गाडी गाडीवर चौकशी करत. मांडवाचे बांबू दारात येऊन पडले होते. बायका हळद दळत होत्या आणि विचारत होत्या, मामा आला का. बेबाबाई म्हणायची, येतोय.

दुपारी एकला ती पुढच्या खोलीत गेली. सवयच तशी. लीलाधर जेवायला गेला होता, मशीन चालूच होतं, खेळ कुणी खेळत नव्हतं. उखर्डू पहिल्या बांधापाशी जसा ठेवला होता तसा उभा.

पांढरा ठिपका पाचव्या बांधाजवळ होता.

ती स्टुलावर बसली. कूलरचं पाणी संपलं होतं, आत नुसता पंखा घरघरत होता. ती बघत राहिली. बराच वेळ काही झालं नाही, आणि तिनं डोळे पुसायला पदर उचलला तेवढ्यात ठिपका एक रांग सरकला. मग थांबला. मग पुन्हा मागं आला, जिथून निघाला तिथंच.

वाट न सापडणारा माणूस चालतो तसा.

४

रतिलाल शुक्रवारी ऊन उतरताना परत आला. पाय धुतले, पाणी प्यायला, मग बोलला. एरंडोलला स्टँडसमोर छगन नावाच्या माणसाचं चहाचं हॉटेल आहे. छगननं झुलालला पाहिलं होतं. बुधवारी तीनच्या सुमाराला गाडीतून उतरला, चहा घेतला, तेवढ्यात गाडी सुटली. झुलालनं छगनला विचारलं की जळगावचा रस्ता कोणता. छगनला हसू आलं, रस्ता समोरच होता. दाखवला. झुलाल गेला.

अर्ध्या तासानं तो पाठीमागच्या बाजूनं आला. पुन्हा विचारलं. पुन्हा गेला.

"तीनदा," रतिलाल म्हणाला.

"मग?"

"तिसऱ्यांदा रस्ता विचारला नाही. आता किती बांध राहिले, असं विचारलं. छगन म्हणतो, पिऊन होता."

झुलालनं जन्मात दारूला हात लावला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. रतिलाल उठून मांडववाल्यांशी बोलायला गेला. बेबाबाई चुलीशी बसून राहिली. आपण जे समजलो ते शहाण्या माणसानं समजायचं नसतं, हे तिला कळत होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो डॉक्टर आणेल. भटजीला सांगितलं तर तो दक्षिणा सांगेल. भावजयीला सांगायची सोय नाही. राहिला लीलाधर.

त्याला तिनं क्लास सोडायला लावला. पोरं गेली, तिनं दार लोटलं आणि सरळ सांगितलं. तो आधी हसला. मग त्यानं मशीनवर ठिपका मोठा करून पाहिला, दुप्पट, चौपट. टोपी दिसली. हाताशी एक चौकोन दिसला, पेटीएवढा.

लीलाधरचं हसू गेलं. तो म्हणाला, मावशी, हे पुसून टाकू. आत्ताच्या आत्ता, सगळंच.

त्यानं हात पुढं केला तेवढ्यात बेबाबाईनं त्याचं मनगट धरलं. केळीचे घड वाहिलेले हात होते ते, त्याला सोडवता येईना.

"पुसलंस तर तुझे हात मुळापासून उपटीन. मना भाऊ शे तठे."

"मग काय करू?"

"घरी आण त्याला. उखर्डू कसा येतो घरी? सातवा बांध ओलांडला की दार. दार कुठंय?"

लीलाधरनं काचेतल्या सातव्या बांधाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, घर मी केलंच नाही. गोष्टीत घर असतं, कारण सांगणाऱ्याला कधीतरी झोपायचं असतं. खेळ चांगला तो, ज्यात पोरगं परत परत आत जातं. घर ठेवलं तर एका दुपारीत खेळ संपेल. म्हणून सातव्या बांधानंतर त्यानं पुन्हा पहिला बांध जोडला होता.

बेबाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. एवढा शिकलेला, आणि एवढंसं कळू नये.

"कर घर," ती म्हणाली. "हे कर. हेच घर."

५

शुक्रवारची सांज आणि शनिवारची सकाळ तो घर करत बसला. ती मागं उभी राहून सांगत होती. दारात तीन पायऱ्या, मधली फुटकी. डाव्या हाताला निंब. पुढची खोली, मधली खोली, मागची खोली, मागच्या दाराशी मोरी. लीलाधर एकेक चौकोन भरत होता आणि काचेत तिचं घर उभं राहत होतं, बाहुलीच्या घराएवढं. तिनं त्याला दाराला कडी लावू दिली नाही. उघडंच ठेव म्हणाली.

शनिवारी भर बारा वाजता काम झालं. बाहेर मांडव उभा राहिला होता, आंब्याच्या डहाळ्या बांधत होते, कुणीतरी शिडीवरून दोरी मागत होतं. लीलाधरनं बाणाची बटणं तिला दाखवली. ती म्हणाली, मीच नेते.

तिनं उखर्डूला आत घातलं. सुरुवातीला तो केळीवर जाऊन आपटत होता, तिच्या जाड बोटांखाली दोन दोन बटणं दबायची. मग जमलं. पहिला बांध. कोण शे रे? लीलाधर उत्तर टाईप करायचा, ती चालवायची. दुसरा. तिसरा. पाचव्या बांधाशी पांढरी टोपी दिसली. तिनं उखर्डूला त्याच्या शेजारच्या रांगेत उभं केलं आणि ती मोठ्यानं बोलली, लीलाधर बसलाय याची लाज न धरता.

"चाल, भाऊ. मन्हा मांगे मांगे चाल."

उखर्डू निघाला. पांढरा मागं निघाला. तो आता चुकत नव्हता. ती एक रांग जाई, तो एक रांग येई. सहावा बांध. सातवा बांध. तिथं राखणदार नव्हता. लीलाधर म्हणाला की मी ठेवला होता इथं. ती म्हणाली, नसला तर बरंच. तिला कशाचाच विचार करायचा नव्हता.

घर दिसलं. निंब, तीन पायऱ्या. उखर्डू पायरीशी पोचला आणि थांबला, ती बटण दाबत होती तरी हलेना. पांढरा त्याच्या शेजारून पुढं गेला. पायऱ्या चढला. दारातून आत गेला.

दार लागलं.

"मी लागणारं दार केलेलं नाही," लीलाधर म्हणाला.

उखर्डू बाहेरच राहिला होता. बेबाबाईला त्याचं काही वाटलं नाही, तो चित्रातला. तिला घामानं भिजलेल्या पाठीवर एकदम गार लागलं, कारण मागच्या खोलीत पत्र्याची पेटी जमिनीवर टेकवल्याचा आवाज झाला होता.

६

झुलाल मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता.

ती रडली. बडबडली, शिव्या दिल्या, कुठं उलथला होतास म्हणाली, पाठीवर चापट्या मारल्या. त्यानं मान वळवून पाहिलं. तोंड झुलालचंच. कानाजवळचा देवीचा वण, वरचा तुटका दात. लोक जमले, मामा आला, मामा आला. सुनंदा धावत आली, पाया पडली, पेटीतलं लुगडं पाहून लाजली. कमलबाई पोरांना घेऊन दुपारच्या गाडीनं पोचली तेव्हा सगळं इतकं रीतसर होतं की तिला काही सांगायचं कारणच उरलं नाही.

हळद लागली. वरण-बट्टीच्या पंगती उठल्या. बेबाबाई धावत होती, वाढत होती, पण तिचा एक डोळा मागच्या खोलीकडे होता.

तीन दिवस रस्त्यावर असलेल्या माणसाच्या धोतराला धुळीचा कण नव्हता. हॉटेलात धुऊन घेतलं असेल.

तो जेवला नाही. ऊन लागलं असेल.

कुणी काही म्हटलं की तो फक्त 'हं' म्हणायचा. कमलबाईनं पोराच्या तापाचं सांगितलं, हं. रतिलालनं विचारलं की एरंडोलला काय झालं, हं. सुनंदा म्हणाली, मामा, मी उद्या जाणार. हं. जरा वेळानं बायका त्याच्याशी जास्तच बोलायला लागल्या. तो ऐकतो किती छान, असं म्हणत. बेबाबाईला ते बघवेना. हुंकारा मिळाला की सांगणाऱ्याची जीभ सुटते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. थकलाय, तिनं स्वतःला सांगितलं. तुला भाऊ पाहिजे होता, भाऊ मिळाला. आता त्यात खडे काय शोधतेस, भवाने.

पण संध्याकाळी दिवा घेऊन ती मधल्या खोलीतून गेली तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तो आल्यापासून एकदाही तिला 'अक्का' म्हणाला नव्हता. दोन वर्षांचा असताना त्याला येत होता तो पहिला शब्द. 'माय'च्याही आधीचा.

ती दारात उभी राहून म्हणाली, "झुलाल."

"हं," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

७

मुहूर्त रविवारी दुपारी साडेबाराचा. गल्ली माणसांनी भरली होती, भटजींचा आवाज कर्ण्यातून पार मागच्या गल्लीपर्यंत जात होता. अंतरपाट धरला. सुनंदा पिवळ्या शालूत, हातात हार. तिच्या पाठीशी मामा, पांढरी टोपी, दोन्ही हात भाचीच्या खांद्यांवर. बायका म्हणाल्या, काय शोभतोय.

दुसरं मंगलाष्टक चालू असताना पुढच्या खोलीतला फोन वाजला. लीलाधर मांडवात होता, कुणी उचलेना. फोन वाजत राहिला. भटजींनी चिडून तिकडे पाहिलं तेव्हा बेबाबाईच अक्षता मुठीत धरून आत गेली. खोलीत मशीनांवर चादर टाकली होती. तिनं फोन उचलला आणि जरा जोरातच विचारलं, कोण पाहिजे.

"अक्का," आवाज आला. रडत होता तो माणूस. "अक्का, मी झुलाल बोली ऱ्हायनू. एरंडोलले शे, छगनना हाटेलमा. माले वाटच सापडे ना. आते सापडनी. लगीन लागनं का?"

खिडकीच्या गजांतून समोर मांडव दिसत होता. सुनंदाच्या पाठीशी तो उभा होता, बेबाबाईला पाठमोरा, बांधावरच्या राखणदारासारखा.

बेबाबाई किंचाळली नाही. तिनं खिडकीकडे बघत विचारलं, "आपली माय गई तवय तू कोठे व्हतास?"

"तुन्ही कडवर," पलीकडून आवाज आला. "असं काय इचारतस, अक्का?"

फोनमध्येच मागून दुसरा आवाज आला, घोगरा, हॉटेलवाल्याचा असावा. तो सांगत होता की ताई, माणूस तुमचा ठीक आहे, काल बारापासून माझ्या बाकावर झोपला होता, आत्ता उठला.

"तठेच ऱ्हाय," ती म्हणाली. "छगनना हात धरी ठेव. कोनी बलावं तरी जाऊ नको, मी बलावं तरी जाऊ नको. सुनंदाना बाप येई."

फोन ठेवताना तिच्या मुठीतल्या अक्षता खाली सांडल्या. बाहेर शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं होतं. म्हणजे पाठीशी उभा आहे त्याच्याच साक्षीनं पोर दुसऱ्याच्या घरी जाणार. तो पाठीशी उभा कोण, ते तिला माहीत नव्हतं. एवढं माहीत होतं की त्याला घरात आणलं ते तिनंच, हात धरून, पायरी दाखवून. ओरडून सांगितलं तर लग्न मोडेल, लोक तिला वेडी म्हणतील, आणि तो 'हं' म्हणेल.

ती मांडवात शिरली. माणसं बाजूला सारली, एका विहिणीला कोपर लागलं, तिची माफी मागितली नाही. सरळ जाऊन ती सुनंदा आणि त्याच्या मधल्या वीतभर जागेत पाठ आत ढकलून उभी राहिली. त्याचे हात पोरीच्या खांद्यांवरून निघाले. तिथं बेबाबाईनं आपले ठेवले. भटजी ओळ म्हणता म्हणता अडखळले. मामाच्या जागी आई उभी राहत नाही, कुणी म्हणालं. रतिलाल तिच्याकडे बघत होता, पण तो बोलणाऱ्यांतला नव्हता.

तिनं मागं पाहिलं नाही. तिला त्याचा श्वास मानेवर लागायला हवा होता. लागत नव्हता.

"शुभमंगल सावधान," कर्ण्यातून आवाज घुमला, अक्षता उडाल्या, वाजंत्री वाजली. त्या कालव्यात सुनंदानं मान न वळवता हळूच विचारलं, "मामा, तुमचे हात का थरथरतायत?"

बेबाबाईनं पोरीचे खांदे आणखी घट्ट धरले. तेवढ्यात मागून दोन हात आले आणि तिच्या स्वतःच्या खांद्यांवर टेकले.

ते जराही थरथरत नव्हते.